वडिलांची सिकल चाचणी निगेटिव्ह, मुलगी मात्र ‘एसएस’: चूक नेमकी कुठे असू शकते?

वर्धाकाठ

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीविषयी विचारायचे आहे. ती सहा वर्षांची असून चंद्रपूर जिल्ह्यात राहते. चौदा महिन्यांची असताना तिच्या दोन्ही हातांची बोटे आणि पावले सुजून आली, तेव्हा तिची सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या करणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची) सोल्युबिलिटी, म्हणजे विद्राव्यता, चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस (वीज लावून हिमोग्लोबिनचे प्रकार पट्टीवर वेगळे करण्याची तपासणी) झाले व अहवालावर ‘एसएस पॅटर्न’ असे लिहून मिळाले. त्यानंतर हातपाय दुखण्याने तिला दोनदा भरती करावे लागले, आठ महिन्यांपूर्वी एकदा रक्त चढवले आणि आता तिला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे.

बहिणीची तपासणी झाली तेव्हा ती वाहक, म्हणजे ‘एएस’ (एक सर्वसाधारण ए आणि एक एस जनुक असलेली), निघाली. मेहुण्यांची सोल्युबिलिटी चाचणी दोन वेगवेगळ्या शिबिरांत झाली आणि दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. निगेटिव्ह असल्यामुळे त्यांना पुढच्या तपासणीची गरज नाही, असे सांगण्यात आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे एस जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच मूल ‘एसएस’ होते एवढे मला ठाऊक आहे. दुर्दैवाने तेवढेच घरातल्या इतरांनाही ठाऊक आहे. सासरकडच्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर पितृत्वाची डीएनए चाचणी करून घ्या, असे सुचवले. मेहुणे काही बोलले नाहीत. बहीण दोन महिन्यांपासून मुलीला घेऊन माझ्याकडे राहते आहे.

माझा प्रश्न एवढाच आहे की, हे तीनही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात का? आणि नसतील तर कोणती तपासणी पुन्हा करावी?

पट्टीवाचक

ताई, हो, तीनही अहवाल आपापल्या परीने खरे असू शकतात. मी बावीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आहे आणि हिमोग्लोबिनच्या पट्ट्या वाचणे हेच माझे रोजचे काम आहे. त्यामुळे या चाचण्या टेबलावर प्रत्यक्ष कशा होतात ते आधी सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे.

सोल्युबिलिटी चाचणीत छोट्या काचनळीत दोन मिलिलिटर द्रावण घेतात. त्यात तीव्र फॉस्फेट बफर, पेशी फोडणारे सॅपोनिन आणि प्राणवायू काढून घेणारे सोडियम डायथायोनाइट असते. त्यात वीस मायक्रोलिटर रक्त टाकून पाच मिनिटे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. प्राणवायू निघून गेला की एस हिमोग्लोबिन त्या द्रावणात विरघळलेले राहत नाही, एवढाच या चाचणीचा आधार आहे. म्हणजे ती एकच प्रश्न विचारते: या रक्तात एस आहे का? तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत तिने ‘नाही’ असे उत्तर दिले. त्यांचे हिमोग्लोबिन सर्वसाधारण आहे, असे तिने मुळीच सांगितलेले नाही. शिबिरात मात्र ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘सगळे ठीक’ असा घेतला जातो, आणि माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

आता मुलीचा अहवाल. आपल्याकडे नेहमी होणारे इलेक्ट्रोफोरेसिस सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर, सुमारे ८.४ ते ८.६ पीएचला होते. सगळी हिमोग्लोबिने धन टोकाकडे सरकतात. मोठ्या माणसांतले नेहमीचे ए सर्वांत पुढे जाते, त्यामागे गर्भावस्थेतले एफ, त्यामागे सिकलचे एस आणि शेवटी आरंभरेषेजवळ थोड्या प्रमाणात असणारे ए२. पण एसच्या जागेवर फक्त एसच येते असे नाही. डी नावाचे वेगळे हिमोग्लोबिन अगदी त्याच जागी येते, जी आणि लेपोर हे आणखी प्रकारही तिथेच येतात. एका रक्तात एस आणि डी दोन्ही असतील आणि ए नसेल, तर पट्टीवर एसच्या जागी एकच जाड पट्टा दिसतो आणि कोणीही तो ‘एसएस’ असाच वाचेल. मुलीची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह असल्यामुळे तर वाचणाऱ्याला शंका यायला जागाच उरत नाही.

म्हणून मला दोन गोष्टी हव्या आहेत. मुलीचे, तिच्या आईचे आणि वडिलांचे, तिघांचेही एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार यंत्रात वेगळे करून मोजणारी तपासणी) व्हावे, आणि वडिलांचे तर नक्कीच. शिवाय जिथे सोय असेल तिथे मुलीचे आम्ल इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे ६.० ते ६.२ पीएचला सिट्रेट आगरवरचे, करून घ्यावे. तिथे एस वेगळे पडते आणि डी ए सोबत जाते. आठ महिन्यांपूर्वी चढवलेले रक्त आता आड येणार नाही, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. पण मधल्या काळात पुन्हा रक्त दिले असेल तर नमुना घेण्यापूर्वी अवश्य सांगा.

रक्तविकार_ओपीडी

वर्धाकाठताई, पट्टीवाचक यांनी लिहिले ते योग्य आहे. त्यात एका मोठ्या शक्यतेची भर घालतो, कारण माझ्या बाह्यरुग्ण विभागात डी हिमोग्लोबिनपेक्षा ती कितीतरी जास्त वेळा दिसते. वडील बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी किंवा अजिबात न बनण्याच्या आनुवंशिक विकाराचे) वाहक असतील तरीही नेमके हेच चित्र तयार होते. त्यांच्याकडून आलेले जनुक बीटा साखळी बनवतच नसेल, तर मुलीच्या रक्तात आईकडून आलेले एस तेवढे उरते, ए नसते आणि पट्टी ‘एसएस’ सारखीच दिसते. वडिलांची सोल्युबिलिटी अर्थातच निगेटिव्ह येते.

या दोन शक्यता वेगळ्या करायला सुरुवातीला महागडे काही लागत नाही. वडिलांचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, काढा. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या तांबड्या पेशी लहान असतात, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) बहुतेक वेळा ८० च्या खाली असतो, पेशींची संख्या मात्र वाढलेली असते आणि एचपीएलसीवर ए२ साधारण ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर जाते. डीच्या वाहकाचा सीबीसी बहुधा अगदी सर्वसाधारण असतो. मुलीचा जुना सीबीसी हाती असेल तर तिचाही एमसीव्ही कळवा. मात्र हायड्रॉक्सीयुरिया सुरू होण्यापूर्वीचा, कारण त्या औषधाने पेशींचा आकार वाढतो.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. एस असलेल्या रक्तात एचपीएलसी यंत्र ए२ चा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवते, कारण एसचे काही बदललेले अंश आलेखावर त्याच खिडकीत, म्हणजे त्याच वेळेच्या टप्प्यात, येऊन पडतात. तेव्हा मुलीच्या किंवा बहिणीच्या अहवालावर ए२ चार टक्के दिसले म्हणून लगेच थॅलेसेमियाचा निष्कर्ष काढू नये. निर्णय वडिलांच्या रक्तावरून होईल.

आणि आता जे मला अतिशय तळमळीने सांगायचे आहे ते सांगतो. पितृत्वाची चाचणी आत्ता करू नका. ज्या माणसाच्या हिमोग्लोबिनची पूर्ण तपासणी अजून झालेलीच नाही, त्याच्या अपुऱ्या अहवालावरून एका बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणे हे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. वडिलांच्या हातातून जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यावे लागेल, आणि पहिले पाऊल तेच असायला हवे. मेहुण्यांशी मोकळेपणाने बोलता येत असेल तर हा धागाच त्यांना वाचायला द्या.

वर्धाकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मी हा धागा मेहुण्यांना पाठवला आणि आज सकाळी ते स्वतःहून रक्त देऊन आले. सीबीसी लगेच मिळाला: हिमोग्लोबिन १४.८, एमसीव्ही ८७. मुलीच्या जुन्या कागदांत औषध सुरू होण्यापूर्वीचा एक सीबीसी सापडला, त्यात हिमोग्लोबिन ७.९ आणि एमसीव्ही ८३ आहे. एचपीएलसीसाठी तिघांचेही नमुने दिले आहेत.

एक शंका आहे. नेटवर शोधताना ‘डी-पंजाब’ असे नाव वाचले. मेहुण्यांचे सात पिढ्यांचे घर वैनगंगेच्या काठी आहे, पंजाबशी कोणाचाही संबंध नाही. मग ही शक्यता बाद होते का? आणि दोन वेगळी प्रथिने पट्टीवर एकाच ठिकाणी कशी येऊ शकतात, हेही मला नीट समजून घ्यायचे आहे.

प्रथिनसाखळी

ताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते, कारण माझे संशोधन प्रथिनांच्या रचनेवरच आहे आणि एस आणि डी ही जोडी मला फार जवळची वाटते.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. एस मध्ये सहाव्या जागेवरच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. डी-पंजाब मध्ये १२१ व्या जागेवरच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन येते. जागा वेगळ्या आहेत, आलेली अमिनो आम्लेही वेगळी आहेत. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, आणि व्हॅलिन व ग्लुटामिन या दोघांवरही प्रभार नसतो. म्हणजे दोन्ही बदलांत साखळी नेमका एक ऋण प्रभार गमावते. पट्टीवरचे विद्युतक्षेत्र मुख्यतः प्रभारच पाहत असल्यामुळे ते दोघांना सारख्याच वेगाने ओढते.

लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी १९४९ मध्ये सिकलसेल आजारातले हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या प्रकारे सरकते हे दाखवले आणि एखादा आजार एका रेणूतल्या दोषाने होऊ शकतो ही कल्पना पक्की झाली. पुढे १९५१ मध्ये याच इटानो यांना असे एक हिमोग्लोबिन आढळले, जे एससारखेच सरकत होते पण ज्याची विद्राव्यता एससारखी नव्हती. तेच डी. म्हणजे हे हिमोग्लोबिन ओळखले गेले तेच मुळी इलेक्ट्रोफोरेसिस आणि विद्राव्यता यांची उत्तरे जुळेनात म्हणून. तुमच्या घरात आज जी विसंगती दिसते आहे, तिच्यातूनच सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी डीचा शोध लागला.

साखळीत नेमका कुठे बदल आहे हे पाहण्याची रीत केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६ मध्ये दाखवली. त्यांनी ट्रिप्सिन या विकराने हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ते कागदावर एका दिशेने विजेने व दुसऱ्या दिशेने क्रोमॅटोग्राफीने पसरवले. ए आणि एस यांच्या ठिपक्यांचे नकाशे शेजारी ठेवल्यावर एकच ठिपका हललेला दिसला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो बदल ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असा असल्याचे सिद्ध केले.

आज आम्ही तेच काम वस्तुमान वर्णपटमापकावर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) करतो, आणि तिथे या जोडीची आणखी एक गंमत समोर येते. सर्वसाधारण बीटा साखळीचे वस्तुमान सुमारे १५,८६७ डाल्टन असते. एसमध्ये ते ३० डाल्टनने कमी होते आणि यंत्राला ते सहज दिसते. डीमध्ये मात्र ते जेमतेम १ डाल्टनने कमी होते, आणि अख्खी साखळी मोजली तर एवढा फरक नेहमीच्या यंत्राच्या नजरेतून निसटतो. म्हणजे तुमच्या भाचीच्या रक्तात खरोखर एस आणि डी असतील, तर अख्ख्या साखळीच्या वस्तुमानावरून ती ‘एएस’, म्हणजे केवळ वाहक, वाटेल. आणि अल्कधर्मी पट्टीवरून ‘एसएस’ वाटेल. दोन्ही वाचन चुकीचे ठरेल. ट्रिप्सिनने तुकडे केले की १२१ ते १३२ हा बारा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा वेगळा मिळतो, आणि सुमारे १,३७८ च्या वस्तुमानात १ चा फरक मात्र स्पष्ट वाचता येतो.

पंजाबविषयी एवढेच सांगते की, नाव तिकडचे पडले कारण तिथे या हिमोग्लोबिनचे वाहक जास्त आढळतात, सुमारे दोन ते तीन टक्के. पण इराण, तुर्कस्तान आणि चीनच्या वायव्य भागातही ते आढळते, आणि गुजरात-महाराष्ट्रातही ते तुरळक दिसते. त्यामुळे वैनगंगेकाठच्या घरात ते असू शकत नाही, असे म्हणता येणार नाही.

अमरावतीकर

मला यातले फार कळत नाही, पण एक विचारतो. एवढ्या चाचण्या एकामागून एक करण्यापेक्षा सरळ जनुकाचीच तपासणी का करू नये? ती तर शेवटचा शब्द असते ना?

पट्टीवाचक

प्रश्न रास्त आहे. जनुक तपासणी व्हावी असेच माझेही मत आहे, पण ती दुसऱ्या पायरीवर. पुष्कळ ठिकाणी जनुक तपासताना प्रयोगशाळेला काय शोधायचे ते आधी सांगावे लागते. फक्त ‘सिकलसाठी डीएनए’ असे लिहून नमुना पाठवला तर सहाव्या जागेवरचा बदल पाहिला जाईल, मुलीत एका बाजूला एस आणि दुसऱ्या बाजूला सर्वसाधारण अक्षरे दिसतील आणि अहवाल ‘वाहक’ असा येईल. आजारी मुलीच्या हातात वाहक असल्याचा कागद, म्हणजे गोंधळात आणखी भर. १२१ ची शंका आधी प्रथिनाच्या तपासणीतून आली, तर तीच जागा तपासणे सोपे आहे. तिथे जनुकातल्या जीएए या अक्षरांचे सीएए होते आणि त्यामुळे ‘इको आर वन’ या विकराची कापण्याची खूणच नाहीशी होते. सर्वसाधारण जनुकाचा तुकडा कापला जातो, डीचा अखंड राहतो. संपूर्ण बीटा जनुकाचे वाचन करून घेता आले तर उत्तमच.

एचपीएलसीचे काम सोपे आहे. यंत्रातल्या स्तंभाला हिमोग्लोबिने चिकटतात आणि बफर बदलत जाईल तशी एकेक सुटून बाहेर येतात. एका नमुन्याला साधारण साडेसहा मिनिटे लागतात. मी वापरतो त्या यंत्रावर डी ४.१ मिनिटांच्या आसपास आणि एस ४.५ च्या आसपास बाहेर पडते. पट्टीवर जे एकमेकांवर चढून बसतात, ते इथे दोन स्वतंत्र शिखरे म्हणून दिसतात. ताई, अहवालाबरोबर आलेखाचा कागदही मागून घ्या. नुसते आकडे पुरेसे नसतात, शिखराची वेळ आणि आकार पाहावा लागतो.

वर्धाकाठ

अकरा दिवसांनी लिहिते आहे. अहवाल आले.

मेहुणे: ए ५६ टक्के, डीच्या खिडकीत ३७ टक्के, वेळ ४.०९ मिनिटे. ए२ सर्वसाधारण मर्यादेत.
बहीण: ए ५७ टक्के, एस ३५ टक्के.
मुलगी: एस ४२ टक्के, डी ४३ टक्के, एफ ९ टक्के, ए नाही.

मुलीच्या आलेखावर दोन उंच शिखरे अगदी शेजारी-शेजारी आहेत. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी एक शिखर पेन्सिलीने दाखवून ‘हे आईचे’ म्हटले आणि दुसरे दाखवून ‘हे वडिलांचे’ म्हटले, तेव्हा मेहुणे तिथेच खुर्चीवर बसून रडले. संध्याकाळी ते बहिणीला आणि मुलीला घ्यायला आले. बहीण अजून गेलेली नाही. तिचे म्हणणे असे आहे की, ज्यांनी सगळ्यांसमोर शब्द काढला, त्यांनी सगळ्यांसमोर तो मागे घ्यावा. आणि मी तिच्या बाजूने आहे.

आता पुढे काय करावे? उपचार बदलतील का? आणि या दोघांना दुसरे मूल हवे असेल तर?

रक्तविकार_ओपीडी

ताई, हे आकडे एस-डी आजाराचेच आहेत. वडील डीचे वाहक, आई एसची वाहक आणि मुलीत दोन्ही. बीटा जनुकाच्या वाचनाने शिक्कामोर्तब करून घ्या. आपल्या राज्यात मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे आणि हिमोग्लोबिनच्या विकारांवर तिथे अनेक वर्षांचे काम आहे. तुमच्या डॉक्टरांमार्फत नमुना पाठवता येईल का, याची चौकशी करा.

उपचारांविषयी: डीचा एक वाहक म्हणून मेहुण्यांना काहीही त्रास नाही आणि होणारही नाही. पण एस सोबत आलेले डी निरुपद्रवी नसते. १२१ वे स्थान नेमके अशा जागी आहे, जिथे प्राणवायू नसताना एसचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनवतात, आणि तिथला ग्लुटामिन ती जोडणी अधिक घट्ट करतो. म्हणून एस-डी मुलांचा आजार एसएसइतकाच तीव्र असू शकतो. हायड्रॉक्सीयुरिया, न्यूमोकॉकसची लस, भरपूर पाणी, ताप आल्यास ताबडतोब दवाखाना, हे सर्व आहे तसेच चालू ठेवायचे आहे. आजवर तिच्यावर चुकीचे उपचार झाले असे मनात आणू नका.

बदलायचे आहे ते कागद. तिच्या प्रत्येक फाइलवर आणि सिकलसेलच्या कार्डावर ‘एसएस’ खोडून ‘एस-डी, एचपीएलसीनुसार’ अशी नोंद डॉक्टरांच्या सहीने करून घ्या. नाहीतर पुढे कधीतरी नव्या गावात, नव्या दवाखान्यात कोणीतरी जुना कागद वडिलांच्या अहवालाशेजारी ठेवील आणि हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

दुसऱ्या मुलाच्या बाबतीत प्रत्येक गर्भारपणात एस-डी आजाराची शक्यता चारांत एक असते. दोन्ही बदल आता माहीत असल्यामुळे दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भवारेचा सूक्ष्म अंश घेऊन तपासता येते. पण त्यासाठी जनुकाचा अहवाल गर्भारपणाच्या आधीच हाती असायला हवा. म्हणून तो लांबणीवर टाकू नका.

मेहुण्यांच्या भावंडांचेही एचपीएलसी करून घ्यावे, विशेषतः ज्यांची लग्ने व्हायची आहेत त्यांचे. त्यांच्यापैकी निम्म्यांत डी असू शकते आणि शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी त्यांनाही निगेटिव्हच सांगणार आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात देशभर कोट्यवधी लोकांची तपासणी हाती घेतली आहे, आणि सोल्युबिलिटीसारखी स्वस्त चाचणी त्यासाठी आवश्यकच आहे. माझे सर्व तंत्रज्ञ बंधुभगिनींना एवढेच विनवणे आहे की, एसच्या वाहकाचा जोडीदार समोर असेल तेव्हा निगेटिव्ह नळीवर थांबू नका. त्याचा नमुना एचपीएलसीला लावा.

पट्टीवाचक

आमच्या प्रयोगशाळेत कालपासून एक बदल केला आहे. सोल्युबिलिटीच्या अहवालावर ‘निगेटिव्ह’ एवढेच न छापता ‘एस हिमोग्लोबिन आढळले नाही; थॅलेसेमिया व इतर हिमोग्लोबिन विकारांची तपासणी यात होत नाही’ अशी ओळ छापतो आहोत. ताई, मुलीला पुढे कधी रक्त चढवायची वेळ आली, तर त्याआधी एक नळी काढून ठेवायला सांगा. चढवलेल्या रक्तातले ए मिसळले की ही दोन शिखरे चार महिने नीट वाचता येणार नाहीत.